आमचं बिनविरोध घर

आमच्या घरात फॉर्म भरण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे कसं आलं, कुणालाच आठवत नाही. खातेवाटप झालं तेव्हा बायको बहुधा कामावर होती आणि मुलगी जन्मायची होती. इथे कायम राहण्यासाठी पीआरचा अर्ज, नागरिकत्वाचा अर्ज, गाडीच्या नोंदणीचा रेगो, विमा, टॅक्स, शाळेच्या सहलीचं संमतीपत्र, सगळं मी भरायचं आणि मी पिवळी चिठ्ठी चिकटवली असेल तिथे बायकोनं सही करायची. कशावर करतेय हे ती विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही. पाहुणे आले की मी छाती फुगवून सांगायचो, आमच्याकडे सगळे निर्णय बिनविरोध होतात. त्यावर बायको हसायची. त्या हसण्याचा अर्थ मी अठरा वर्षं 'पाठिंबा' असा लावत आलो.

मग ते लॉकडाऊनचं वर्ष आलं. वेरिबी या उपनगरातलं आमचं घर तसं ऐसपैस आहे, पण तीन माणसं चोवीस तास आत कोंडली की कुठलंही घर लहानच वाटतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस, दुसऱ्या टोकाला मुलीची अकरावी. मी वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून लेंगा अशा वेशात मीटिंगा करायचो. बायको फार्मसिस्ट, त्यामुळे बाहेर जायचं परमिट घरात फक्त तिच्याकडे होतं. ती सकाळी मास्क लावून गाडी काढायची, तेव्हा आम्ही दोघं खिडकीतून हात हलवायचो. त्या काळात घरात कर्ती व्यक्ती कोण होती, हे बाहेरच्या कुणालाही सहज दिसलं असतं.

तिच्या फार्मसीसमोर चार लेनचा रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे म्हातारी माणसं राहतात. ओलांडायला क्रॉसिंग नाही. पूर्वी बायको कुणी वॉकर घेऊन पलीकडे उभं दिसलं की काउंटर सोडून धावत जायची, हात धरून आणायची. आता कुणाचा हात धरायची सोय उरली नव्हती. एका सकाळी एक आजोबा रस्त्याच्या मधोमध वॉकरसकट थांबून राहिले, दोन्हीकडून गाड्या, आणि ही फुटपाथवरून नुसती हात उंच करून उभी. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. मग तिनं काउंटरवर कागद ठेवून सह्या गोळा केल्या, काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र लिहिलं. 'नोंद घेतली आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं. हे सगळं ती मला रात्रीच्या जेवणात सांगत असे. मी लॅपटॉपकडे बघत 'हं, हं' म्हणत असे. माझा 'हं' फार चांगला आहे. त्यात सहानुभूती असते, फक्त लक्ष नसतं.

शेजारच्या घरात एक मेक्सिकन बाई राहतात. सत्तरीच्या. नवरा वारला, मुलगा आणि नातवंडं पर्थला, आणि राज्यांच्या सीमा बंद असल्यामुळे पर्थ त्यांना मेक्सिकोइतकंच लांब झालेलं. आमच्या मुलीला त्यांनी एकदा विचारलं होतं, तुमच्यात आजीला काय म्हणतात? पुढे मुलीनं वाढदिवसाच्या कार्डावर इंग्रजी लिपीत 'आजी' लिहून दिलं. त्यांच्या भाषेत 'जे' (J) या अक्षराचा उच्चार 'ह' होतो, म्हणून त्यांनी ते 'आही' असं वाचलं. तेव्हापासून त्या स्वतःला आही म्हणवतात आणि आमच्या घरातही त्या आहीच झाल्या.

त्या सप्टेंबरात मुलीला शाळेतून असाइनमेंट मिळाली: एकाच पक्षानं दीर्घकाळ राज्य केलेला देश निवडा, लोकांनी त्याला विरोध कसा केला ते लिहा, शक्य असेल तर एखाद्या माणसाची मुलाखत घ्या. माणूस कुंपणापलीकडे तयारच होता. रोज दुपारी चारला आही त्यांच्या बाजूला घडीची खुर्ची टाकून बसायच्या, मुलगी आमच्या बाजूला उलट्या बादलीवर. मी अंगणातल्या पर्गोलाच्या मांडवाखाली चहा घेऊन. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण दीडशे वर्षांचा चळवळींचा इतिहास असलेल्या शहरातून आलेला माणूस म्हणून राजकारणावर मत देणं मी माझं कर्तव्य समजतो.

आही सांगत होत्या ते ऐकून मी चाटच पडलो. त्यांच्याकडे एका पक्षानं सत्तर वर्षं राज्य केलं. निवडणुका नियमित व्हायच्या. दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष बदलायचा, पण पुढचा कोण हे जाणारा ठरवायचा. त्याला त्यांच्याकडे बोटावरून पडलेला एक शब्दच आहे. साहेबानं बोट दाखवलं की झालं, मग देशभर भिंती रंगायच्या. सभेला माणसं ट्रकमध्ये भरून न्यायचे आणि प्रत्येकाच्या हातात एक सँडविच आणि एक थंड पेयाची बाटली द्यायचे. आधीच शिक्के मारून, घडी घालून पेटीत घुसवलेल्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्याला लोक 'टाको' म्हणायचे, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी.

"सारण कुणी भरलं ते खाणाऱ्याला ठाऊक नाही," आही म्हणाल्या.

आणि मग तो किस्सा. एका निवडणुकीत विरोधी उमेदवार पुढे चाललाय अशी कुजबुज होती आणि नेमकी मोजणीच्या वेळी सरकारनं जाहीर केलं की कॉम्प्युटरची सिस्टीम पडली. ती पुन्हा उठली तेव्हा जुनाच पक्ष जिंकलेला होता. हे ऐकून मी चहा सांडेपर्यंत हसलो. पंचवीस वर्षं आयटीत काढली आहेत, 'सिस्टीम डाऊन आहे' हे वाक्य मी स्वतः कितीदा वापरलंय याची गणती नाही. पण एवढ्या मोठ्या कामासाठी कधी वापरलं नव्हतं.

"लोकांनी इतकी वर्षं चालवून कसं घेतलं?" मी कुंपणाकडे तोंड करून विचारलं.

आहींनी खांदे उडवले. म्हणाल्या, अर्ध्या लोकांना पक्षानं काही ना काही दिलेलं होतं. शाळा, नोकरी, साखर कारखान्यात पाळी. उरलेल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि पक्ष सारखा सांगायचा की आम्ही तुमचा त्रास वाचवतोय.

मी मान हलवली. मुलीला सांगितलं, हे लिहून घे, महत्त्वाचं आहे. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात काउन्सिलच्या निवडणुकीचे कागद आले. महामारीमुळे मतदान केंद्रं नव्हती, सगळं पोस्टानं. बायकोच्या नावाचं एक पाकीट, माझ्या नावाचं एक. आत वीसपेक्षा जास्त उमेदवार, त्यांची एक पुस्तिका, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक चौकोनात आकडा घालायचा: पहिली पसंती कोण, दुसरी कोण, अगदी शेवटची कोण. एखाद्याला एवढ्याशा मतदानाचा कंटाळा आला असता. मी एक्सेलची शीट उघडली.

शिक्षण, अनुभव, जाहीरनाम्यातलं व्याकरण असे रकाने पाडून मी सगळ्यांना गुण दिले. टाय लावलेला, आपल्याकडचा वाटणारा एक इंजिनिअर पहिला आला. कसा आला याची चौकशी करण्याची गरज तेव्हा मला वाटली नाही. एका बाईंनी फोटोच दिला नव्हता, चार ओळी लिहिल्या होत्या आणि व्यवसाय 'बस ड्रायव्हर'. त्या एकोणिसाव्या. दुपारभर खपून मी माझी मतपत्रिका भरली. मग समोर बायकोची कोरी दिसली. ती शिफ्टला गेली होती, दहा तास उभी राहून येणार. पुन्हा हे वीस-बावीस लोक तिनं कुठे वाचत बसायचं? मी माझे आकडे जसेच्या तसे तिच्या कागदावर उतरवले, कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी लावली. संध्याकाळी तिनं उभ्याउभ्याच, पर्स खांद्यावर असतानाच, सही केली. मला त्या वेळी स्वतःबद्दल खरंच छान वाटलं होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुट्टीमुळे बायको घरी होती, आत कपाट आवरत होती. आही फिरायला निघाल्या होत्या आणि पोस्टाची पेटी त्यांच्या वाटेवर. मी दोन्ही पाकिटं झाडूच्या दांड्याला चिमट्यानं लावून कुंपणावरून पुढे केली. अंतर राखायची आमची ही पद्धत होती. त्यांनी कौतुकानं विचारलं, बायकोनं एवढ्या धावपळीत वेळ काढला?

"छे हो," मी म्हणालो, "तिचं पण मीच भरून टाकलं. आमच्याकडे सगळं बिनविरोध असतं."

त्यांनी बिनविरोध म्हणजे काय विचारलं. मी मोठ्या हौसेनं समजावलं: निवडणूक होते, पण समोर कुणी उभंच नसतं.

आही हसल्या नाहीत. दोन्ही पाकिटं हातात धरून त्या आपल्या घडीच्या खुर्चीत बसल्या आणि मला त्यांच्या आईची गोष्ट सांगायला लागल्या. त्यांचे वडील साखर कारखान्यात होते. दर निवडणुकीच्या आधी युनियनचा माणूस दारात यायचा आणि वडील स्वतःचं आणि आईचं मतदार कार्ड त्याच्या हातात द्यायचे. संध्याकाळी कार्डं परत यायची, बरोबर किलोभर साखर. आईला कळायचं की तिनं मत दिलेलं आहे. असं किती वर्षं चाललं. ज्या वर्षी ती सिस्टीम पडली, त्या वर्षी युनियनचा माणूस आला तेव्हा आईचं कार्ड सापडेना. तिनं ते चुन्याच्या पाण्यात भिजत घातलेल्या मक्याच्या हंड्याखाली लपवलं होतं. दुपारी ती एकटी चालत गेली. या केंद्रावर नाव नाही, त्या केंद्रावर जा, असं तीन ठिकाणी फिरवलं. चौथ्या ठिकाणी नाव सापडलं. मत देऊन ती घरी आली नाही. गावातल्या आणखी बायका होत्या, त्या पेटीभोवती बसून राहिल्या, मोजणी होईपर्यंत. पुढे नगरपालिकेच्या दारात कित्येक दिवस बसल्या, तिथेच चुली मांडल्या.

"जिंकलात?" मी विचारलं.

"नाही. पक्ष हरायला पुढे बारा वर्षं लागली. तोवर मी इथे आले होते आणि आई गेली होती." मग त्या म्हणाल्या, "पण आईच्या अंगठ्यावर शाई होती ना. आठवडाभर तिनं कणकेत हात घातला नाही. शाई जाईल म्हणाली. वडील भाकऱ्या थापायला शिकले."

मी हसायला लागलो तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या,

"माझे वडील वाईट नव्हते. त्यांना वाटायचं, ते तिला मदत करतायत."

माझ्या हातात झाडू होता. तो कुठे ठेवावा हे मला सुचेना.

आहींनी माझं पाकीट पिशवीत टाकलं आणि बायकोचं मांडीवर ठेवलं. हे मी टाकणार नाही, म्हणाल्या, आणि तुम्हाला परतही देणार नाही. तिला बोलवा. मी म्हणालो, ती कामात आहे. त्या म्हणाल्या, मी बसलेय. आणि बसल्या. सत्तरीची बाई, डोक्यावर उन्हाची टोपी, मांडीवर माझ्या बायकोचं मत. पेटीभोवती बसायची सवय घराण्यातलीच.

शेवटी मुलीनंच आईला बोलावून आणलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं, चिडण्यावर माझ्याकडे उत्तरं तयार असतात. तिनं फक्त विचारलं,

"त्या बस ड्रायव्हर बाईंना कितवा नंबर दिलास?"

मी म्हणालो, कोण बस ड्रायव्हर?

"मी तुला तीनदा सांगितलंय. त्या फार्मसीसमोर तासभर उभ्या होत्या. किती लोक रस्ता ओलांडतात ते हातावर पेनानं रेघा मारून मोजत होत्या. वीसजणांत क्रॉसिंगबद्दल लिहिणाऱ्या त्या एकट्या आहेत. कितवा?"

"एकोणिसावा," मी म्हणालो.

मुलगी उलट्या बादलीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बाबा, यू आर लिटरली माय असाइनमेंट."

बायको म्हणाली, "मला माझं मत परत पाहिजे." एवढंच. आणि आत गेली. अठरा वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेल्या वस्तूंत ही सगळ्यात स्वस्त होती आणि ती कुठून आणायची हे मला माहीत नव्हतं. पाकीट सही होऊन बंद झालेलं, मतदान संपायला जेमतेम आठवडा.

निवडणूक कार्यालयाला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकलं. बायको समोर हाताची घडी घालून बसली होती, फोन स्पीकरवर ठेवायचा हुकूम होता. पलीकडून एक प्रेमळ आवाज आला, त्यानं मला मेट म्हटलं आणि नवी मतपत्रिका का हवीय ते विचारलं. मी वाक्य मनात तीनदा घोळवलं होतं, तरी तोंडातून निघालं ते असं: "आय व्होटेड फॉर माय वाइफ."

"ऑ, दॅट्स लव्हली," ती बाई म्हणाली. "इज शी स्टँडिंग?"

"नो," मी म्हणालो, "शी इज सिटिंग."

मुलगी टेबलाखाली गेली. बायकोनं चेहरा सरळ ठेवायचा बराच प्रयत्न केला, पण दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे हलताना दिसले. मग तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की माझ्या नवऱ्यानं मला न विचारता माझा कागद भरला, मी तो न बघता सही केली, तो मला रद्द करून हवाय. मग ती बाई म्हणाली, नो वरीज डार्ल, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. त्या 'डार्ल'मध्ये माझा समावेश नव्हता.

नवं पाकीट चार दिवसांनी आलं. ते चार दिवस मी ऑफिसच्या मीटिंगमधून उठून पत्रपेटी बघून येत होतो. पाकीट उशिरा आलं असतं तर तिचं मत गेलंच असतं, आणि ते घालवणारा माणूस रोज तिच्याशेजारी झोपत होता. आलं तेव्हा मी ते उघडलंसुद्धा नाही. दोन बोटांत धरून तिच्यासमोर ठेवलं.

त्या शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये मतदान झालं. बायको पुस्तिका आणि पेन घेऊन गाडीत बसली आणि तिनं आतून दारं लॉक केली. मुलगी निवडणूक अधिकारी. आही मास्क लावून ड्राइव्हवेच्या टोकाला, घडीच्या खुर्चीत, निरीक्षक म्हणून. मी चहा घेऊन गाडीकडे दोन पावलं टाकली तर दोघींनी एकदमच हात वर केले. पाऊण तास लागला तिला. काचेतून दिसत होतं, ती एकेकाचं लिहिलेलं वाचायची, पेन ओठांना लावायची, मध्येच हसायची. माझ्या एक्सेलनं यातलं काहीही केलं नव्हतं.

मग ती आणि आही, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून, पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत चालत गेल्या. मला मागून यायची परवानगी होती. पाकीट आत पडल्यावर आही पेटीवर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर बायको मुलीला म्हणाली, भारतात कसं, मत दिल्यावर बोटाला शाई लावतात. इथे काहीच नाही, दिल्यासारखं वाटतच नाही. मुलीनं पर्मनंट मार्कर आणून तिच्या डाव्या हाताच्या बोटावर एक जाड काळी रेघ ओढली. बायकोनं ते बोट उजेडात धरून बघितलं, मग माझ्यापुढे धरलं.

"कणीक तू मळ," ती म्हणाली. "माझी शाई जाईल."

आईची गोष्ट आहींनी तिलाही सांगितली होती तर. त्या दिवशीच्या पोळ्यांबद्दल मी फार बोलणार नाही. मुलीनं एक हातात धरून विचारलं की हा कुठल्या देशाचा नकाशा आहे. बायकोनं मात्र दोन खाल्ल्या. पुढे निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतरही कणीक माझ्याकडेच राहिली. दिवसभर सॅनिटायझर चोळूनही तिच्या बोटावरची रेघ जात कशी नाही, याचं मला नवल वाटायचं. मुलगी ती दर दोन दिवसांनी पुन्हा काढून देत होती, हे खूप नंतर कळलं.

बस ड्रायव्हर बाई थोडक्यात पडल्या. माझा टायवाला इंजिनिअरही पडला. बायकोनं पहिला नंबर बस ड्रायव्हरलाच दिला असणार, पण मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मतदान गुप्त असतं. आजतागायत मला ते कळलेलं नाही. फार्मसीतून ती आल्यावर मी लॅपटॉप बंद करून बसतो, तरीही नाही.

निकालानंतर दोन दिवसांनी तिनं जेवणाच्या टेबलावर माझ्या बाजूला एक कागद सरकवला. क्रॉसिंगसाठीचा नवा अर्ज होता, आधीपेक्षा लांब, बस ड्रायव्हर बाईंनी मोजलेल्या रेघांसकट. पहिली सही आहींची होती. दुसऱ्या ओळीवर तिनं पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागद स्वतःकडे ओढला.

"वाच आधी," बायको म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. दोन पानं होती. परातीत कणीक तशीच राहिली होती.